मिरचीचा अंगठा

पुस्तक किती वाचलं गेलंय हे कळायला ते उघडावं लागत नाही. मिटलेलं पुस्तक आडवं धरायचं आणि पानांची कड पाहायची. जिथवर वाचणाऱ्याचे हात फिरलेत तिथवर कड मळकट दिसते, आणि जिथं त्यानं नाद सोडला तिथून पुढं ती पांढरीफटक. एका गावच्या वाचनालयात उभी हयात काढल्यावर जी थोडीफार विद्या माझ्याकडे जमली, तिच्यातली ही पहिली. हिच्या जोरावर मी भल्याभल्यांचं पितळ उघडं पाडलंय. अमुक ग्रंथ आपण दोनदा वाचला असं छातीठोकपणे सांगणाऱ्या एका प्रतिष्ठित गृहस्थांना मी नुसती कड दाखवली होती. त्यानंतर वर्षभर त्यांनी माझा नमस्कार घेतला नाही.

'व्यवसायातले अनुभव लिहा' असं संपादकांचं पत्र आलं तेव्हा वाटलं, चांगली शंभर पानं सहज होतील. पण लिहायला बसलो की दोन-तीन पानांत सगळं एका लाल ठशापाशी येऊन थांबायचं. तेव्हा बाकीचं राहू दे, त्या ठशाचंच सांगतो.

आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातलं, धाड गावाकडे जाणाऱ्या एस.टी.च्या वाटेवरचं. नाव मुद्दाम लिहीत नाही. वाचनालय म्हणजे आठवडी बाजाराच्या जागेला लागून दोन खोल्या, सहा कपाटं, एक लांब टेबल, कसर लागू नये म्हणून पुस्तकांमागं घातलेला कडुनिंबाचा पाला, आणि मी. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. गावोगाव काहीतरी नवं सुरू करायची हौस होती. मी मॅट्रिक पास, अक्षर मोत्यासारखं, आणि शेतात माझा काही उपयोग नाही याबद्दल घरच्यांचं एकमत. म्हणून मला ग्रंथपाल नेमलं.

वाचनालयाचे अध्यक्ष निवृत्त हेडमास्तर होते. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. साहेबांच्या लेखी पुस्तकांच्या दोनच जाती होत्या, अभिजात आणि टाकाऊ. अभिजात म्हणजे जाडजूड, जुन्या, समाजाचं दुःख मांडणाऱ्या कादंबऱ्या. त्या पहिल्या पाच कपाटांत. टाकाऊ म्हणजे खून, दरोडे, गुप्त पोलीस. त्या सहाव्यात, माझ्या खुर्चीच्या मागं, कुलपात. सहावं कपाट ठेवलंच नसतं तर वाचनालयात मी आणि पाल असे दोघंच राहिलो असतो, हे साहेबांनाही कळत होतं. म्हणून आम्ही एक तोडगा काढला होता. त्याला 'जोडी' म्हणायचे.

जोडी म्हणजे असं, की ज्याला रहस्यकथा पाहिजे त्यानं सोबत एक अभिजात पुस्तकही न्यायचं. परत आणताना अभिजात पुस्तकावर तोंडी अभिप्राय द्यायचा. तो मी अभिप्रायाच्या वहीत लिहून घ्यायचो, आणि मगच पुढची रहस्यकथा मिळायची. साहेबांची कल्पना अशी की अशानं हळूहळू गाव सुधारेल. गाव सुधारलं नाही, पण अभिप्राय द्यायला मात्र पटाईत झालं. 'भाषा ओघवती आहे', 'बोधप्रद', 'शेवट चटका लावतो' ही तीन वाक्यं आळीपाळीनं सगळे वापरायचे. सरकारी दवाखान्यातल्या कंपाउंडरनं एकदा असाच चटका लागल्याचं सांगितलं. पुस्तक हातात घेऊन बघतो तर त्याची पानं अजून एकमेकांना जोडलेली. तेव्हा काही पुस्तकं अशी न कापलेल्या पानांचीच यायची, वाचणाऱ्यानं ती पट्टीनं सोडवून घ्यायची. "चटका कुठून लागला?" असं मी विचारलं, तर म्हणाला, "भाऊ, काही पुस्तकं बाहेरूनच समजतेत."

खरं सांगायचं तर पुस्तक सुचवणं हे दवा देण्यासारखंच नाजूक काम. 'हे फार चांगलं पुस्तक आहे' असं कुणाला कधी म्हणायचं नाही. चांगलं म्हटलं की माणूस बिचकतो. 'हे तुम्हाला झेपायचं नाही' म्हटलं की निम्मे तरी घेऊन जातात. खुनाच्या पुस्तकांना चटावलेल्या माणसासाठी माझी वेगळी युक्ती होती. मी आवाज खाली आणून म्हणायचो, "यातही एक गुन्हेगार आहे बरं का. पोलीस नाहीत, पण गुन्हा आहे. बघा सापडतो का." ही निव्वळ थाप होती. पण थाप चालायची, आणि मला तिचा अभिमान होता.

हीच थाप मी नामदेवला मारली होती. नामदेव म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला मळा असलेला माळी. वांगी, मेथी, कोथिंबीर आणि मिरची. चौथी शिकलेला, बोलायला अगदी कमी. बाजाराच्या दिवशी पाटीतली भाजी संपली की हात धुऊन यायचा आणि जोडी घेऊन जायचा. पुस्तकं धुतलेल्या पंच्यात बांधून आणायचा. अभिप्राय विचारला की खाली बघून म्हणायचा, "बरं हाये." त्याची अभिजात पुस्तकं कडेला शेवटपर्यंत मळलेली असायची, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण लक्षात येणं वेगळं आणि त्याचा अर्थ कळणं वेगळं.

एका सकाळी कंपाउंडर तोंडाला रुमाल लावून आत आला. हातातली रहस्यकथा त्यानं टेबलावर आपटली.

"हे काय लायब्ररी हाये का मसाल्याचं दुकान? जीभ जळली ना माह्यी!"

कंपाउंडरला बोट जिभेला लावून पान उलटायची सवय. मी त्याला कितीदा बोललो होतो, पण सवय ती सवय. त्या दिवशी नेमकं एका पानावर त्याचं बोट पडलं, तिथून जिभेला, आणि मग तांब्याभर पाणी पिऊनही आग थांबेना. मी पान पाहिलं. समासात अंगठ्याएवढा तांबूस ठसा होता. हुंगून पाहिला आणि मला तीन शिंका आल्या. मिरची होती, आणि साधीसुधी नव्हती.

मी सहाव्या कपाटातली सगळी पुस्तकं खाली काढली. ठसे अकरा पुस्तकांत निघाले. प्रत्येक पुस्तकात एकच ठसा, एकाच पानावर. सुरुवातीला वाटलं, कुणाचे तरी हात खराब. मग कंपाउंडरच माझ्या शेजारी बसून पानं चाळता चाळता एका ओळीवर बोट ठेवून थांबला. म्हणाला, "भाऊ, ह्या पुस्तकात वकिलानं खून केला ना? मंग पहा. ठसा कुठं हाये? वकील पहिल्यांदा बोलते तिथंच हाये."

आम्ही दुसरं पुस्तक घेतलं, मग तिसरं. एकात खुनी शेवटच्या प्रकरणात उघडा पडत होता, ठसा मात्र चाळिसाव्या पानावर, तो सगळ्यांना चहा देत असताना. एकात भलत्याच माणसाला पकडतात. ठसा त्या माणसापाशी नाही, खऱ्यापाशी. अकराच्या अकरा बरोबर. कंपाउंडर घाम पुसायला लागला. मी तर तोवर शेकडो रहस्यकथा वाचलेल्या, लोकांना सुचवलेल्या. त्या अकरांपैकी दोन वेळाच मला शेवटाआधी गुन्हेगार ओळखता आला होता, आणि त्यातही एकदा मी शेवटचं पान आधी पाहिलं होतं.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. लोक पुस्तक हातात घेतलं की आधी ठसा शोधायला लागले. 'ठसेवालं नको, कोरं द्या' म्हणणारे काही, आणि 'ठसेवालंच द्या' म्हणणारे जास्त. साहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते संतापले. वाचनालयाचं पुस्तक म्हणजे देवाची मूर्ती, तिला कुणी हात पुसतो म्हणजे काय, असं त्यांचं म्हणणं. "कोण आहे ते शोधा," मला म्हणाले.

मला हेच पाहिजे होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांनी केलेले तपास वाचले, आता आपला आला. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पाकिटात एक कार्ड असतं, त्यावर नेणाऱ्याचं नाव आणि तारीख. मी अकरा कार्डं टेबलावर ओळीनं मांडली. कंपाउंडरचं नाव नऊ कार्डांवर होतं. आमच्या गावच्या एस.टी. कंडक्टरचं सहा कार्डांवर. अकराही कार्डांवर असलेलं नाव एकच निघालं, नामदेव. आणि गावात सगळ्यात जहाल मिरची कुणाच्या मळ्यात पिकते हे विचारायला नको होतं. मी खुर्चीत मागं रेलून बसलो. ओरडून कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं.

शनिवारी समितीची बैठक झाली. मी कार्डं मांडून दाखवली, पुस्तकं एकेकाच्या नाकाला लावली. ठराव मी आधीच स्वच्छ अक्षरात लिहून नेला होता, म्हणून बैठक दहा मिनिटांत आटोपली. नामदेवचं नाव सभासदांच्या यादीतून कमी झालं.

पुढच्या बाजाराला नामदेव नेहमीसारखा पंच्यात पुस्तकं बांधून आला. मी त्याला ठराव वाचून दाखवला. तो उभ्यानंच ऐकत होता. वाचून झाल्यावर त्यानं पंचा सोडला, दोन पुस्तकं टेबलावर ठेवली, पंच्याची नीट घडी घातली.

"भाऊ, मी त नुसतं वाचून दाखोतो," तो म्हणाला. "ठसा तिचा हाये. तिले वाचता येत नाही."

"कुणाला?"

"घरी." एवढंच म्हणून तो गेला. भांडला नाही, विनवणी केली नाही. मला वाटलं होतं की पकडलेला माणूस काहीतरी करेल, पुस्तकांत नेहमी करतो.

त्यानं ठेवलेल्या दोन पुस्तकांपैकी एक अभिजात. या कादंबरीचं नाव मी सांगणार नाही, कारण आता मी तिचं मर्म सांगणार आहे, आणि वाचायच्या आधी मर्म सांगणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा. थोडक्यात अशी : तरुण नवरा नोकरीसाठी शहरात जातो. बायको मागं थोरल्या दिरांच्या घरी राहते. हे दीर म्हणजे देवमाणूस, घरासाठी झिजलेले. नवऱ्याचं पत्र काही येत नाही. ती वाट पाहते, घरचं सगळं करते, खंगत जाते आणि मरते. नवरा शेवटी येतो आणि म्हणतो, 'मी दर महिन्याला लिहीत होतो.' सगळे त्याच्या तोंडावर थुंकतात. मी ही कादंबरी चार वेळा वाचली होती, चारही वेळा रडलो होतो, आणि चारही वेळा त्या नवऱ्याला शिव्या घातल्या होत्या. 'यातही गुन्हेगार आहे' असं नामदेवला सांगताना माझ्या मनात तोच होता.

मी पुस्तक उघडलं. ठसा होता. पण नवऱ्यापाशी नव्हता. जिथं ती सून अंगणात उभी आहे आणि थोरले दीर तिच्याकडे न बघता म्हणतात, 'पत्र नाही, मुली', त्या ओळीशेजारी तो तांबूस अंगठा होता.

हे चुकलं, असं मला वाटलं. बाईचा नेम पहिल्यांदा चुकला. मी जरा खूशच झालो. पण बाजार उठला, लोक पांगले, तरी माझं बोट त्या पानात अडकलेलं. मी दोन पानं मागं गेलो. तिथं दुपारच्या उन्हाचं वर्णन आहे, सुंदर आहे. विहिरीवरचा रहाट, झोपलेलं कुत्रं, आणि घामाघूम झालेला पोस्टमन दाराशी येतो, दीर त्याला पाणी देतात, तो 'फार ऊन आहे' म्हणतो आणि जातो. संपलं. लेखक त्याच्याबद्दल पुन्हा चकार शब्द काढत नाही.

खोटं सांगत नाही, पुस्तक हातातून खाली ठेवलं आणि खोलीत इकडून तिकडे चालायला लागलो. चार वेळा मी त्या पोस्टमनला पाणी पाजून परत पाठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयाला कुलूप लावलं आणि सायकल काढून मळ्यावर गेलो. आंब्याच्या सावलीत तरटावर वाळलेल्या मिरच्यांचा मोठा ढीग होता, आणि ढिगापाशी यमुनाबाई, नामदेवची बायको, मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. चाळिशीच्या असतील. पदर नाकाशी बांधलेला, हात कोपरापर्यंत तांबडे. नामदेव पलीकडे पाटाचं पाणी वळवत होता. मला पाहून तो थबकला, मग हळूच आमच्याकडे आला.

मी पुस्तक दाखवून विचारलं, "वहिनी, हा अंगठा इथं का लावला?"

"हाव, लावला," त्या म्हणाल्या. "हे वाचतेत, मी आयकते. कुठं मन अडलं का म्हनते, थांबा, आन् आंगठा ठेवते. पुस्तक सरलं का परत तिथं यायचं. मले वाचता येत नाही ना, जागा कशी सापडन मंग?"

"पण इथंच का?"

"पोस्टमन पानी पिऊन गेला ना भाऊ. पत्र नव्हतं त मंग इतक्या उन्हाचा त्या दारी आला कायले?" त्यांचे हात चालूच होते. "आन् तिनं काही इचारलंबी नव्हतं. ती नुसती उभी होती. तिनं इचाराच्या आधीच हा म्हनते, पत्र नाही. न इचारता जो सांगते, त्याच्यापाशी पाहून घ्यावं. बाजारात बसलं का समजते. ज्याले घ्याचं नसते तो आधीच म्हनते, वांगे किडके हायेत."

"पण त्यांनी असं का केलं असेल? इतका देवमाणूस..."

त्यांनी एक देठ खुडलं, बाजूला टाकलं. "ते काही पुस्तकात लिव्हलं नाही. पन मले वाटते, नवरा बलावत असन तिले. ती शहरात गेली असती त त्या घरचं पानी कोनं भरलं असतं?"

मी तिथंच तरटाच्या कडेला बसलो. अक्षर न ओळखणारी ही बाई मिरच्या खुडता खुडता एका महान कादंबरीच्या आत जाऊन बसली होती, आणि मी, त्या कादंबरीचं कव्हर तीनदा बदललेला माणूस, बाहेरच उभा होतो. तिच्यासाठी अभिजात आणि खुनाची अशी दोन कपाटं नव्हतीच. माणसं होती, आणि ती कुठंतरी खोटं बोलत होती. त्यापुढं आयुष्यात मी कितीतरी विद्वानांची भाषणं ऐकली, खुर्च्याही मीच मांडल्या, पण त्या दुपारी मला जे वाटलं ते पुन्हा कधी वाटलं नाही. पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, हे लिहून ठेवतो.

तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "काऊन भाऊ, ह्या बाजारी पुस्तकं नाही भेटले? हे म्हनते का सारे बाइंडिंगले गेले."

मी नामदेवकडे पाहिलं. तो माझ्याकडे अशा नजरेनं पाहत होता की मला ताबडतोब समजलं. त्यानं तिला सांगितलंच नव्हतं. तिच्या अंगठ्यापायी नाव गेलं हे कळलं असतं तर तिनं पुस्तकं ऐकणं सोडलं असतं. दिवसभर त्या तिखटात बसणाऱ्या बाईला दुपारचा तेवढाच एक तास होता.

"हो," मी म्हणालो. "बाइंडिंगला गेलीत. सगळीच."

यमुनाबाई हसल्या. पदर सोडून मोकळं हसल्या. "सहाबी कपाटं? एकाच दिशी?" मग नामदेवला म्हणाल्या, "तुमी दोघंबी बसून ठरवलं असतं त जरा बरं जमलं असतं."

मग मला खरं सांगावं लागलं. म्हणालो, "वहिनी, ठशांमुळं नाव कमी झालंय. समितीनं ठराव केला. मी नोकर माणूस, माझ्या हातात काय असतं?"

त्यांचं हसू थांबलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, रागानं नव्हे, नीट ऐकताना माणूस जसं बघतो तसं. मग पुढं वाकल्या आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर, मनगटापाशी, त्यांनी अंगठा दाबला. पुन्हा मिरच्या खुडायला लागल्या. बाइंडिंगच्या थापेची ही शिक्षा असं समजून मी हसलो, आणि उठलो.

तिथून थेट साहेबांच्या घरी गेलो. साहेबांची ही लाडकी कादंबरी. मॅट्रिकच्या वर्गाला त्यांनी ती वर्षानुवर्षं शिकवली होती, आणि थोरल्या दिरांच्या त्यागावर बोलताना त्यांचा आवाज भरून यायचा हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी ठशाचं पान पुढं केलं आणि म्हणालो, "साहेब, दोन पानं आधीपासून वाचा."

त्यांनी वाचलं. मागं गेले, पुन्हा वाचलं. शेवटच्या प्रकरणात नवरा 'मी लिहीत होतो' म्हणतो ते काढून वाचलं. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मी मुलांना लिहून द्यायचो," ते म्हणाले, "पोस्टमनचं येणं ही वातावरणनिर्मिती आहे. परीक्षेत त्याला दोन गुण असायचे." मग म्हणाले, "कोणी काढलं हे?"

मी सांगितलं.

"त्या बाईंना बोलवा. नाव त्यांचं घाला, नवऱ्याचं नको."

यमुनाबाई वाचनालयात आल्या तो बाजाराचाच दिवस होता. पाटीपाशी नामदेवला बसवून, पायरीवर चपला काढून, डोक्यावरचा पदर सावरत आत आल्या. तोवर आमच्याकडे एकही बाई सभासद नव्हती. साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. या माणसाला मी कलेक्टर आल्यावरही सावकाश उठताना पाहिलेलं होतं. मी सभासदांचं रजिस्टर पुढं सरकवलं. सहीच्या रकान्यापाशी शाईचा पॅड ठेवला.

त्यांनी अंगठा पाहिला. "धुऊन येऊ का? तिखट हाये. कोनाची जीभ जळन."

कंपाउंडर दारात उभा होता, त्यानं मान खाली घातली. साहेब म्हणाले, "राहू द्या. तसाच लावा."

निळा अंगठा उमटला, आणि त्याच्या कडेला बारीक तांबूस रेघ. गावात अंगठेबहाद्दर हा शब्द आम्ही शिकलेले लोक थट्टेनं वापरायचो. मी त्या दिवसानंतर वापरला नाही.

मग असं ठरलं की पुस्तकाला अंगठा लावायचा नाही. नामदेवनं बारीक काडी ठेवायची आणि पान कोणतं ते मला येऊन सांगायचं. अभिप्रायाच्या वहीत यमुनाबाईंच्या नावापुढं मी फक्त आकडा लिहायचो. 'पान बहात्तर'. 'पान एकशे बारा'. एवढाच अभिप्राय. ती वही मी कुलपात ठेवायचो, आणि पुस्तक पुरतं वाचून आपला अंदाज सांगणाऱ्यालाच दाखवायचो. त्यासाठी लोक अभिजात पुस्तकंही शेवटपर्यंत वाचायला लागले, कारण आता त्यांतही कुणीतरी लपलेलं असायचं. माझी जुनी थाप खरी झाली होती. कंपाउंडर वर्षानुवर्षं वहीशी पैज लावत आला आणि हरत आला. बोट जिभेला लावायची सवय मात्र त्याची सुटली. एकदा नामदेव आकडा सांगायला आला नाही, नुसतं म्हणाला, "ती म्हनते, यात कोनीच खोटं बोलत नाही. हे पुस्तक जपून ठेवा." ते पुस्तक कवितेचं होतं, चुकून जोडीत गेलं होतं.

यमुनाबाई जाऊन आता बरीच वर्षं झाली. नामदेवही गेला. जुनी फाटकी पुस्तकं वाचनालयातून काढून टाकतात, तशी ती अकरा पुस्तकं आणि ती कादंबरी निघाली तेव्हा मी रीतसर अर्ज करून घरी आणली. ठसे फिके झालेत. सदराही आहे. बायकोनं तो दोन-तीनदा धुऊन पाहिला, डाग गेला नाही, तेव्हापासून तो ट्रंकेत आहे.

हा लेख लिहून झाल्यावर मी तो एकदा मोठ्यानं वाचला, समोर कुणी ऐकतंय असं समजून. आणि एका जागी अडलो. सांगून टाकतो. त्या शनिवारी समितीत साहेब म्हणाले होते, "नामदेव चांगला वाचक आहे, त्याला समज द्या आणि सोडा." बाकीच्यांचंही तेच मत होतं. मीच ऐकलं नाही. माझा पहिला तपास, माझा पहिला गुन्हेगार. पुस्तकांत कधी गुन्हेगाराला समज देऊन सोडतात का? नाव कमी केलंच पाहिजे, नाहीतर उद्या कुणीही उठेल आणि हात पुसेल, असं मी तावातावानं बोललो. शेवटी साहेब म्हणाले, "बरं, तुमच्या मनासारखं." यमुनाबाईंनी मला विचारलं नव्हतं की नाव कुणी काढलं. मी न विचारता सांगितलं, समितीनं.

बाइंडिंगची थाप त्यांनी हसण्यावारी नेली होती. अंगठा उठला तो त्यानंतर. हे मला त्याच दिवशी घरी येताना, सायकलवर कळलं होतं, आणि पुढं त्या इतकी वर्षं भेटत राहिल्या तरी मी ते त्यांच्यापाशी कधी कबूल केलं नाही. त्यांनीही कधी विचारलं नाही.

ज्यांना माझं खरं वाटत नसेल त्यांनी चार-पाच पानं मागं जावं. ठराव मी आधीच स्वच्छ अक्षरात लिहून नेला होता, असं मीच लिहिलेलं सापडेल. ती वातावरणनिर्मिती नाही.